अर्ध्या चेहऱ्याचा फोटो

हसू नका, पण परवापासून मी आरशात जरा जास्तच बघतोय.

झालं काय, नाशिक रोडच्या माझ्या बॅनरच्या दुकानात दोघे भाऊ आले. वडील वारलेले. दशक्रियेच्या बॅनरसाठी फोटो एकच, कुठल्याशा लग्नातला, आणि डावा गाल सगळा अंधारात. म्हटलं, "कॉम्प्युटरवर ब्रशने रंगवतो. पण या बाजूला तीळबीळ, एखादी खूण होती का?"

थोरला म्हणाला, "तीळ होता." धाकटा म्हणाला, "तो काकांना." शेवटी आईला फोन लावला. "डावा गाल ना?" त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, "बरं दिसेल तसं करा तुम्हीच."

काय करणार? उजवीकडचा रंग उचलला, मऊ ब्रशने गाल भरला, हाडाखाली थोडी सावली दिली. दोघेही म्हणाले, "हुबेहूब बाबा!"

घरी जेवताना पोराला विचारलं, "माझ्या डाव्या गालावर काय आहे रे?" याच्याच बॉलने तिथे टाके पडले होते.

मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "भात लागलाय का?"

उद्या एक फोटो काढून ठेवतोय. दोन्ही गालांवर उजेड पडेल असा.