आजोबांची गोळी

दुसऱ्याच आजारावरची, सुजेची एक जुनी गोळी आता फिटवर वापरून बघत होते. त्या चाचणीत मुलाला घालायचं का, हे तिला आज डॉक्टरांना सांगायचं होतं. मुलाचा हात घट्ट धरून ती दवाखान्यातल्या बाकावर बसली होती. शेजारी एक आजी-आजोबा.

“नात बरी झाली ती माझ्या सुजेच्या गोळीनं!”

“तुमची कसली? डॉक्टरांनी शोधलंय ते.”

“इतकी वर्षं घेतोय, मला कधी फिट आली?”

“आधी तरी कुठे येत होती?”

“पण पोर झोपाळ्यावर बसायला लागली ना?”

“बसायला? आता उतरत नाही कार्टी!”

तिच्या मुठीतून मुलाचा हात सुटला.

“आजोबा, कडू असते का हो?” तिनं विचारलं.

“कडूजहर! पण तोंड मी वाकडं करतो, ती नाही.”

“ऐकलंस रे? आपणही नाही करायचं हं.”