डबा कुठाय?

चार महिने, तुमाला सांगतो, चार महिने ह्या हातानं लाकूड घासलं, बोटाची साल गेली, नखात पॉलिश बसलं ते आजून निघंना, आन् लोकांनी मला इचारावं काय? छान झालंय का, मजबूत हाय का, कसं केलं... काही न्हाई. एकच सवाल. "भारत, समदं खरं, पण डबा कुठाय?"

आता तुमी म्हणाल कशाचा डबा. सांगतो ना, बसा की जरा. माझं तेलगावात फ्लेक्सचं दुकान. दुकान म्हंजी घराचीच पुढची खोली, वर पत्रे, आत मी आन् कॉम्प्युटर. आमच्याकडं बॅनरला काही तोटा न्हाई, माणूस शिकला की बॅनर, निवडून आला की बॅनर, पडला तरी "चांगली झुंज दिली" म्हणून बॅनर. पण वैशाखात त्या पत्र्याखाली तुमी नुसतं बसून दाखवा. मीच बसल्या जागी उकडून निघतो, तर त्या लोखंडी डब्यात कोंडलेल्या कॉम्प्युटरचं काय होत आसंल? वीस बाय दहाचा बॅनर तयार करायला लावला, की निम्म्यात आल्यावर फटकन बंद. पुढाऱ्याचा चेहरा आलेला, हात यायचे राहिलेले, आन् पडदा काळा. कार्यकर्ते डोक्यावर उभे. "भारतभाऊ, कावून थांबलं?" आता काय सांगू, सायबांचे हात भट्टीत अडकलेत म्हणून?

तर मी मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. कुठल्यातरी थंड देशातला माणूस, त्यानं कॉम्प्युटरचा डबाच काढून टाकलेला. लाकडाची एक उभी चौकट केली, तिच्यावर समदे पार्ट उघडेच बसवले, चारी बाजूंनी वारं, गरम व्हायचा प्रश्नच न्हाई. आन् दिसायला तर आसं, की भिंतीला फोटो लावावा. मी म्हणलं, ठरलं. आपण आपल्या हातानं करायचं.

आता ह्या हातानं करायचं म्हणलं, तिथंच मेख हाय. माझा बाप, मोहनराव, आमी त्यांना आण्णा म्हणतो, साखर कारखान्यात छत्तीस वर्षं फिटर. आवाज ऐकून सांगायचे कुठला बेअरिंग गेला. आन् मी त्यांचा पोरगा, मला सरळ खिळा ठोकता येत न्हाई. सातवीत व्हतो तव्हा त्यांचा पाना घेऊन सायकल खोलली, नट घासून टाकला, तव्हापासून त्यांच्या हत्यारांच्या पेटीला कुलूप. "तुझ्या हातात कला न्हाई," म्हणले, "तू आपला माउस हलव." एकदा न्हाई, तीस वर्षं झाली म्हणत्यात. पाहुण्यात म्हणत्यात, लग्नात म्हणत्यात, माझ्या लग्नात सासऱ्याला म्हणले. म्हणून तुमाला खरं सांगतो, ते कॉम्प्युटर थंड व्हावं हे तर व्हतंच, पण मला पायजे व्हतं ते येगळंच. मला आण्णांच्या तोंडून एक "बरं जमलंय" पायजे व्हतं. बस. चाळिशी वलांडलेल्या माणसाला एवढं एकच पायजे आसावं, लाज वाटती सांगायला, पण पायजे व्हतं.

मग काय, जुन्या खिडकीची सागवानी चौकट माळ्यावर पडलेली व्हती, ती उतरवली. आण्णांची पेटी मागायची सोय न्हाई, म्हणून शेजारच्या सटवाचं ड्रिल आणलं, त्याचं वेल्डिंगचं दुकान हाय. त्या व्हिडिओवाल्याकडं धा मशिनी, माझ्याकडं एक करवत आन् मांडी. मदरबोर्डाला खालून नऊ पितळी खुंट्या लागत्यात, नऊ भोकं पाडली, बोर्ड ठेवला, सात जुळली, दोन न्हाई. परत दुसरी फळी. परत नऊ भोकं, ह्या टायमाला आठ जुळली. मी तिथंच बसून राहिलो. वनमाला म्हणली, "आहो, राहू द्या ना, आठावर भागत न्हाई का?" तिसऱ्या फळीला नऊच्या नऊ बसली, आन् तुमाला सांगतो, दहावीत पास झालो तव्हा एवढं बरं वाटलं नव्हतं. मग पॉलिश पेपर, मग पॉलिश, मग परत पेपर. दोन पंखे पुढं, वायरी समद्या मागून, एक वायर समोरून दिसली तर नाव बदला. चालू केलं. बॅनर सोडला, तीस बाय पंधराचा. हात आले, पाय आले, मागचे समदे कार्यकर्ते आले, कॉम्प्युटर गारच्या गार.

पहिली आली वनमाला. माझी बायको, तिला माझ्या कष्टाची जाण हाय, समदं बघितलं, हात फिरवला, म्हणली, "लाकूड लई छान चमकतंय... डबा कुठाय?"

मग सटवा. "भारत्या, लई भारी बे. फिटिंग एक नंबर. डबा कवा येणार हाय?" येणार न्हाई बाबा, डबा नसणं हीच तर गंमत हाय. "आस्सं आस्सं," म्हणला, आन् जाता जाता, "पण आला की सांग."

गिऱ्हाइकांचं तर इचारूच नका. दारातून डोकावत्यात, "रिपेरीला काढलाय व्हय? मग उद्या येतो." आहो, चालू हाय, हे बगा चालू हाय. "न्हाई न्हाई, होऊ द्या निवांत." गेले. धडधडीत चालू कॉम्प्युटरसमोर बसून मी माणसं परत जाताना बघितली. आन् माझी माय, केशरबाई, तिला वाटलं गरिबाला उघडं ठेवलंय. तिनं दोन दिवस बसून दोऱ्याचं आच्छादन इणलं, झालरीचं, मधी मोर. पंख्यावर टाकलं. मोराची शेपटी पंख्यात. ती सोडवण्यात माझी एक दुपार गेली, आन् माय वर मलाच म्हणली, "डबा आसता तर आसं झालं आसतं का?"

आन् आण्णा? आण्णा चौथ्या दिवशी आले. चष्मा लावला. चारी बाजूंनी फिरले. खिशातून गुण्या काढला, हो, हा माणूस रिटायर होऊन बारा वर्षं झाली तरी खिशात काटकोन तपासायचा गुण्या घेऊन फिरतो, तो कोपऱ्याला लावला, एक डोळा मिटला. "उजवीकडं एक सूत बाहीर हाय," म्हणले. सूत म्हंजी इंचाचा आठवा हिस्सा. गुण्या खिशात. दारापर्यंत गेले, माघारी वळले. मला वाटलं, आता. आता म्हणत्यात. म्हणले, "डबा कुठाय?"

मी जेवलो न्हाई त्या दिवशी. खोटं कावून सांगू.

पुढं आली खंडेनवमी. आमच्या घरात दिवाळी एकवेळ राहील, खंडेनवमी न्हाई राहायची. आण्णा पहाटं पेटी खोलत्यात, समदी हत्यारं तेलानं पुसून पाटावर मांडत्यात, पाने, छन्न्या, हातोडे, लहानाची मोठी ओळ, आन् पूजा करत्यात. लेकरांनी लांब बसायचं. मीबी तीस वर्षं लांबच बसलेलो. ह्या वर्षी ओळ मांडली, मोठा हातोडा जरा सरकवला, जागा केली, आन् माझ्याकडं न बघता म्हणले, "तुझं ते लाकडाचं आण. हत्यारच हाय ना ते."

आता तुमी मला येडा म्हणा. माझ्या डोळ्यातून पाणी आलं. मी ते दोन्ही हातांनी उचलून आणलं, त्या पाटावर ठेवलं, हातोडा आन् पान्याच्या मधी. आण्णा म्हणले, "चालू कर. मशीन चालू करून पूजा करत्यात." कारखान्यातली रीत. मी वायर ओढली, चालू केलं, पंखे फिरायला लागले. आण्णांनी तांब्यात फूल बुडवलं.

मला दिसत व्हतं हो. मला समदं दिसत व्हतं, ते पाणी कुठं जाणार, मदरबोर्डावर काय व्हणार. दोन शब्द बोलायचे व्हते, "आण्णा, थांबा." पण जल्मात पहिल्यांदा माझी चीज त्यांच्या हत्यारात बसली व्हती, आन् मी म्हणू, की हिला हात लावू नका? न्हाई आला तोंडातून शब्द. पाणी शिंपडलं. चट्ट आवाज आला. मी हात जोडून बसलो. मग चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू पंख्यासमोर धरलं, आन् पंख्यानं त्यातलं निम्मं माघारी फेकलं. आण्णांचा पांढरा सदरा, मिशा, चष्मा, अर्धं तोंड पिवळं, अर्धं तांबडं. राहिलेलं ग्राफिक कार्डात. जळका वास. पंखे थांबले. माय डोळे मिटून म्हणली, "देवानं मान्य केलं."

आण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, माझ्याकडं बघितलं. "म्हणून म्हणत व्हतो," म्हणले, "डबा कुठाय?"

बोर्ड गेला, कार्ड गेलं. नवं आणलं, त्याच चौकटीवर बसवलं. पण तव्हापासून आण्णा परसात. सकाळी चहा घेतला की परसात, ठाक ठाक ठाक. सत्तरी वलांडली, एका डोळ्याचं आपरेशन झालंय, हात थरथरतो, तरी ठाक ठाक. पंधराव्या दिवशी दुकानात आले, सटवानं मागून उचलून आणलेलं. डबा. जाड पत्र्याचा, रिवेट मारलेला, बिजागरी, कडी, कुलूप, कारखान्याच्या मशिनीला आसतो तसला हिरवा रंग. माझ्या चौकटीवरून सरळ खाली उतरवला. कुठं घासना, कुठं हलंना. मी उजवीकडं हात फिरवून बघितला... ज्या माणसानं जल्मात वाकडा पत्रा कापला न्हाई, त्यानं डबा उजवीकडून बराबर एक सूत बाहीर काढला व्हता. माझ्या चुकीच्या मापानं.

आता ह्याच्यावर काय बोलता? मी एवढंच म्हणलं, "आण्णा, हवेला चार भोकं..." "भोकातून कुंकू जातंय," म्हणले. विषय बंद. किल्ली त्यांच्याकडं.

गिऱ्हाइकं आता खूश हायत. "हां, आता कसं कॉम्प्युटर वाटतंय." सटवाकडं तसल्या तीन डब्यांची चौकशी झाली. आन् कॉम्प्युटर? वीस मिनिटं चालतं, बंद पडतं. परत हात अडकत्यात, परत कार्यकर्ते डोक्यावर. किल्ली मागावी म्हणलं तर रोज सकाळी आण्णा येत्यात, काठी कोपऱ्यात ठेवत्यात, डब्यावर तळवा टेकवत्यात, चटका बसला तरी काढत न्हाईत, आन् तीस वर्षांत मी ज्याची वाट बघितली ते बोलत्यात, "गरम हाय. म्हंजी काम करतंय. बरं जमलंय तुला."

मी म्हणतो, "हां आण्णा." आत ते बंद पडून धा मिनिटं झालेली आसत्यात.