इग्नातच्या दिवशी कन्स्ट्रक्टरला कुलूप

अहो, चालत होतं ना! तुम्हाला सांगतो, मुकाट चालत होतं! आमच्या तिमिशोआरा शहरातल्या ट्रामची तिकीट मशीनं, त्यांचा प्रोग्राम माझा. नवं तिकीट हवं? 'न्यू' लिहा, कंसात भाव, मार्ग, संपलं! शेंबडं पोरही लिहील. पण आमच्या होरात्सिऊसाहेबांना बघवेना ते. माझा प्रोग्राम ज्या तयार कोडवर उभा, ती लायब्ररी त्यांची ना! रातोरात सगळे पब्लिक कन्स्ट्रक्टर, म्हणजे 'न्यू' लिहून थेट आत जायचे दरवाजे, बंद! आता तिकीट थेट बनवायचं नाही म्हणे, फॅक्टरी मेथडला सांगायचं, ती बनवून देणार. कशासाठी? तर उद्या लागेल म्हणून!

आणि मुहूर्त कुठला? इग्नात! अहो, नाताळाआधी गावोगावी डुक्कर कापायचा दिवस! बाबांचा गुडघा दुखरा, डुक्कर धरायला मी हवा, शब्द दिलेला त्यांना. सकाळी नाताळचे दर मशीनवर चढवायचे, एक बटण, की निघालो! दाबलं... पडद्यावर चुकाच चुका, सगळं लाल! साहेबांनी आवृत्तीचा शेवटचा आकडा तेवढा वाढवलेला, म्हणजे 'किरकोळ डागडुजी आहे, बिनधास्त घ्या'. आमच्या प्रोग्रामनं ती नवी आवृत्ती आपोआप घेतली की हो बिनधास्त! भिंत पाडायची आणि कडी बदलली म्हणून सांगायचं!

साहेबांना फोन लावला. "अरे साबिन," हा असा, नाकातून, "कन्स्ट्रक्टरला स्वतःचं नाव नसतं रे. आता बघ, 'प्रौढाचं तिकीट बनव', 'मुलाचं तिकीट बनव'... वाचताना कसं गोड वाटतं!" मी म्हटलं, जुनं ठेवायचं होतं ना थोडे दिवस, 'वापरू नका' अशी पाटी लावून! "पाटी कोण वाचतं?" आणि मागं डुक्कर किंचाळतंय! म्हणजे हे महाशय सासऱ्याच्या अंगणात, हातात प्लमच्या दारूचा पेला! "आणि उद्या आतलं बदललं तर?" मी म्हटलं, कधी बदलणारेस? "ते माहीत नाही. पण उद्या लागेल म्हणून..."

त्यांची ती फॅक्टरी मेथड उघडून आत बघितलं मी. काय असेल? न्यू तिकीट, कंसात भाव, मार्ग! तेच! तेच हो!

बसलो बदलत, एकेक ओळ. बाबांचा फोन. "साबिन, पाणी उकळलंय." येतो बाबा! पुन्हा फोन. "साबिन, डुक्कर सुटलं, कोबीत शिरलं." निघालोच बाबा! पुन्हा. "शेजारचा तोमा आला, धरलं त्यानं. तू ये निवांत." तो 'निवांत' लागला हो मला. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

अंधारात गावी पोचलो. चुलीवर कढई, तुकडे चुरचुरतायत, वास असा की मी कोटही न काढता हात घातला... फट्! आईनं डाव हाणला. "थेट हात नाही घालायचा! मागायचं, मी वाढते." मागितलं. वाढलं. एक तुकडा, तोही कानाचा! बाकीचं? तिनं झाकण ठेवलं. "ते राहू दे. उद्या लागेल म्हणून."

मी पुन्हा ताट पुढं केलं... तर माझ्या आधी गुडघा चोळत बाबा उभे, त्यांचंही ताट रिकामं!