कंद कापण्याआधी

शलाका : बाबा, तुम्ही गिळलंत ते पाणी?

रवींद्र : मग काय करणार? वाडगा हातात दिला, प्यायलो. तेही वरून. कडेला ओठसुद्धा लावला नाही.

शलाका : वाखनिंगनच्या आमच्या घरापासून गाडीत तेच सांगत आले ना मी! प्यायचं नसतं. चूळ भरून बाहेर टाकायची. मनातला राग तिच्याबरोबर जातो, असं मानतात.

रवींद्र : साठ माणसांसमोर थुंकू? आणि हॉल भाड्याचा आहे.

शलाका : बादली ठेवलीय. सेलॉर्मच्या आत्या सुरी घेऊन उभ्या आहेत बघा. घरातलं भांडण मिटल्याशिवाय नवा कंद कापत नाहीत त्यांच्याकडे. घानातल्या एवे लोकांचा वर्षाचा सण आहे, तिथून कंद आलेत, आणि आपल्या दोघांमुळे सगळं खोळंबलंय.

रवींद्र : आपलं कुठे भांडण आहे?

शलाका : माझ्या आणि सेलॉर्मच्या लग्नाला आठ महिने झाले. फोनवर ‘थंडी किती आहे?’च्या पुढे गेला नाहीत तुम्ही.

रवींद्र : तू खेमेंटेत, इथल्या नगरपालिकेत जाऊन सही करून मोकळी झालीस! बापाला कळलं कुठे, तर तुझ्या मैत्रिणीच्या, मीनलच्या फोनमधल्या फोटोत.

शलाका : त्या दिवशी सकाळी मी फोन केला होता. तुम्ही पहिलं वाक्य काय बोललात? ‘तो आफ्रिकेतला सोडलास का एकदाचा?’ पुढे काय सांगणार होते मी? ठेवून दिला.

(कोणीतरी वाडगा पुन्हा भरून ठेवतं.)

रवींद्र : बोललो होतो. रोज आठवतं. लाज वाटते, म्हणून तुझ्यावरच चिडत राहिलो.

शलाका : आठ महिने?

रवींद्र : ते सोपं होतं गं.

शलाका : मीही मुद्दामच कळवलं नाही नंतर. तुम्हाला लागावं म्हणून.

रवींद्र : लागलं. आण तो वाडगा. आधी तू घे.

शलाका : उष्टं होईल, बाबा.

रवींद्र : होऊ दे. घे.

शलाका : ...आता तुम्ही. गिळू नका हं! हां, टाका बादलीत. झालं. आत्यांना सांगते, कापा म्हणून.

रवींद्र : थांब जरा. त्याला बोलाव. आमचं राहिलंय.

शलाका : सेलॉर्मला? अहो, तो अजिबात रागावलेला नाही.

रवींद्र : तो नसेल. चार दिवस त्याच्या हातचं जेवतोय मी, आणि एकदाही नावाने हाक मारलेली नाही. नीट सांग बघू, कसं म्हणायचं ते.