कोपऱ्यातला वास

बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघी मैत्रिणी बोलत होत्या.

"नव्या घरातला कुत्र्याचा वास गेला का गं?"

"गेला बाई एकदाचा. डोकं उठायचं नुसतं. लादी व्हिनेगरनं घासली, भिंत खरवडून रंग दिला."

"मग तोंड का उतरलंय?"

"घर ज्यांचं होतं ते आजोबा वारले ना. त्यांच्या मुलानं घर आम्हाला विकलं आणि त्यांच्या कुत्र्याला स्वतःकडे नेलं. तरी तो रोज पळून यायचा आणि आजोबांचा पलंग होता त्या कोपऱ्यात निजायचा."

"आणि आता?"

"परवा आला. कोपरा हुंगला, परत हुंगला, माझ्याकडे बघितलं आणि निघून गेला."

"सुटलीस म्हणायची!"

"कसलं सुटणं? आता गल्लीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याचे पाय हुंगत फिरतो."