तो अल्बम की ते अल्बम

ताईच्या लग्नाचा अल्बम आला आणि शेवटची पानं चक्क कोरी निघाली. रडवेल्या ताईबरोबर मी आणि आत्या वाशीला फोटोग्राफरकडे गेलो. आत्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची.

फोटोग्राफर सॉरी म्हणत होता. आत्या कोरी पानं चाळत म्हणाली, "नाव तर बरोबर आहे. लॅटिनमध्ये पांढरा म्हणजे अल्बस, पांढरी अल्बा, पांढरं अल्बम. रोमन लोक पांढऱ्या फळ्यावर सूचना लिहायचे, त्यालाच अल्बम म्हणायचे."

ताई रडायची थांबली. "आपल्यासारखीच तीन लिंगं?"

"अगदी."

फोटोग्राफर विचारात पडला. "पण मॅडम, आपण 'तो अल्बम' म्हणतो ना?"

"लॅटिनमध्ये 'ते'."

"मग 'ते' अल्बम इथेच ठेवून जा," तो ताईला म्हणाला. "परवा फोटोंसकट 'तो' अल्बम देतो."