मी आलो म्हणणारी बाई

माझे वडील निपाणीकडचे, इथं सरकारी कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि बेंगळुरूलाच राहिले. माझा जन्म मल्लेश्वरमचा, शाळा कन्नडात, आणि घरात आईची मराठी, तीच माझ्या तोंडात बसली. नाव सुमन, पण गल्लीत सगळे अक्काच म्हणतात.

आता काय सांगू तुम्हाला, नवऱ्याचं दुकान बंद पडलं, मुलीचं कॉलेज चालू, मग मी ठरवलं, नोकरी करायची. वरच्या मजल्यावर पुण्याचा ऋत्विक भाड्यानं राहतो, कंपनीत कामाला, स्वभावानं सोनं बघा, म्हटला काकू, मी तुमचा सीव्ही करून देतो. दिला करून, आणि मी वाचतो तर काय, त्यात मी कॉल सेंटरात नोकरी केलेली! मी म्हटलं अरे बाबा, हे कधी झालं? तो म्हणतोय काकू, थोडं वाढवून सगळेच लिहितात. मी म्हटलं सगळ्यांचं सगळ्यांपाशी, काढ ते. एक्सेल येतं, काढ. इंग्लिश फ्लुएंट, तेही काढ. काढून काढून स्वल्पच राहिलं, नाव, पत्ता, बारावी आणि मातृभाषा मराठी.

आणि नशीब बघा, महादेवपुऱ्यात एका कंपनीला फोनवर मराठी बोलणारी माणसंच पाहिजे होती. गेलो. समोर मुंबईची मॅडम, माझ्या मुलीहून स्वल्प मोठी असेल. मी म्हटलं मॅडम, मी बसनं आलो, उशीर झाला. ती बघतच राहिली. तुम्ही बाई असून आलो काय म्हणता, म्हटली, मराठी मातृभाषा म्हणून खोटं कशाला लिहिलं? तिथं मातृभाषा कन्नड करा, कन्नडच्या फोनवर लगेच घेते.

माझं डोकंच फिरलं. सगळं खोटं मी काढून आलो, एक खरं राहिलं, त्यालाच ही खोटं म्हणतीय. कन्नड मला छान येतं हो, पण ती माझ्या आईची भाषा नाही. मी म्हटलं मॅडम, आमच्यात बायका आलो गेलोच म्हणतात. माझी आई दवाखान्यात शेवटचं बोलली ते पण, मी जातो गं पोरी. ती काय खोटं बोलली?

मॅडमनं सीव्ही परत सरकवला, नोकरी काही दिली नाही. मी उठून आलो. नोकरी पाहिजेच आहे मला, रात्री झोप लागत नाही. ऋत्विक म्हणतोय काकू, एवढी एक ओळ बदलू या. मी म्हटलं त्या ओळीला हात लावायचा नाही.

सोमवारी होसकोट्याला जायचंय, एका कारखान्याच्या ऑफिसात. तिथंही हाच सीव्ही देणार. सरी, बरं तर, तुम्ही बसून ऐकलंत, देव तुमचं भलं करो. फक्त ही गोष्ट लिहिताना माझं आलो तेवढं आले करू नका.